मिश्रा दीदींचा वर्ग

मंगळवार, संध्याकाळ

मन थाऱ्यावर नाही. आज मिश्रा दीदींना पहिलीच्या वर्गातून काढून लायब्ररीत बसवलं. मीच.

इकडे उत्तरेत आल्यावर विकास नगरला आमच्या बैठकीच्या खोलीत शाळा सुरू केली, तेव्हा माझ्याबरोबर शिकवायला त्या एकट्याच होत्या. मुलं अकरा. आता जानकीपुरमला दुसरी इमारत उभी राहतेय, आणि नव्या प्रिन्सिपल म्हणतात की पालक दीदींच्या इंग्रजीला हसतात. दीदी 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतात. खरंच, एवढ्याचसाठी?

दीदी भांडल्या नाहीत. "ठीक है भाभीजी, पर बच्चों को मैं ख़ुद बताऊँगी," एवढंच म्हणाल्या. मी वर्गाच्या दाराबाहेर थांबले. "नई मैडम बहुत अच्छी अंग्रेज़ी बोलती हैं. उनसे सीखना, मेरी तरह इस्कूल मत बोलना." हसत सांगत होत्या. मुलंही हसली. मला आत जाववेना.

घरी हे ऐकून माझी मुलगी म्हणाली, "आई, मुझे पढ़ना तो उन्होंने ही सिखाया था."

चहा तसाच टाकून दीदींना फोन लावला. म्हटलं, माझं चुकलं, उद्यापासून वर्ग तुमचाच. प्रिन्सिपलांना काय सांगायचं ते मी बघते.

त्या म्हणाल्या, "नहीं भाभीजी, अब बच्चों के सामने बात नहीं बदलूँगी."

मग त्यांनी विचारलं, लायब्ररीच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?