उतरलेला निळा

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

माझ्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही; नुसते रंग. लोक आधी चित्राकडे बघतात, मग माझ्याकडे, मग दाराकडे. चालायचंच.

मधल्या भिंतीवरचं मोठं चित्र म्हणजे बाबांचं संध्याकाळचं वाजवणं. व्हायोलिन सोडून मी ब्रश धरला तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, पण कामावरून परतताना मी रोज तुमच्या जिन्यात उभा राहून ऐकतो. खालच्या बाई मला चोर समजतात. ऐकलं तसंच रंगवलंय: खालचे सूर गडद, वरचे फिकट, डावीकडून उजवीकडे. बाबांनी ते एकदा बघावं, एवढीच इच्छा आहे. काहीही थाप मार, पण त्यांना घेऊन ये.

लोभ आहेच, त्यात या खेपेला थोडी मदत मिसळ.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

छत्री दुरुस्त करायची म्हणून बाबांना बाहेर काढलं आणि थेट तुझ्या चित्रासमोर उभं केलं. तू नेमका तेव्हाच गायब! बाबांनी काठीनं ठेका धरला आणि गुणगुणत डावीकडून उजवीकडे सरकत गेले. शेवटच्या कोपऱ्याशी अडले. म्हणाले, ही तर माझीच संथ धून, पण इथला निळा उतरलाय, बेसूर आहे. मग रखवालदाराकडे ब्रश मागितला. त्यानं आम्हाला बाहेरची वाट दाखवली. मी मान खाली घालून निघाले, बाबा मान ताठ ठेवून.

तेव्हापासून घुम्यासारखे बसलेत. धड जेवतही नाहीत. इतकी वर्षं शिकवलं आणि कार्ट्याचा कान गेला, असं भिंतीला सांगतात. मला मात्र बरं वाटलं रे. किती वर्षांनी या घरात तुझा विषय निघाला! आता पुढचं तू निस्तर. छत्री अजून मोडकीच आहे.

जीव लाव, जिवाला घोर लावू नकोस.

तुझी,
ताई

१२ मार्च

तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

माझा कान शाबूत आहे. निळा चुकून उतरलेला नाही. आई गेल्यापासून तुमची करंगळी त्या जागी पोचत नाही, सूर रोज जरा खालीच लागतो. मी तो चढवून पाहिला. चित्र छान दिसायला लागलं, पण ते तुमचं राहिलं नाही. म्हणून खरवडून पुन्हा उतरवला. रागवायचं तर रागवा. मला तुमची फार आठवण येते.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

आपला,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

पत्र पोचलं. ती जागा ताईसमोर वाजवली आणि सूर लागतोय का, विचारलं. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासून झालेली होती. तेव्हा तुझंच खरं.

निळा आहे तसा राहू दे. शेजारचा पिवळा फार ओरडतो, त्याला जरा गप्प कर.

डॉक्टर म्हणतात, बाकीची बोटंही करंगळीच्याच वाटेनं जाणार. रविवारी रंग घेऊन सरळ घरात ये. जलद धून अजून कुणी रंगवलेली नाही. मी वाजवतो, तू काढून घे. उशीर करू नकोस.

लोभ होताच. कळवायचा राहिला.

बाबा