उलटीकडून मोजलेलं तळं

आबा, आज तुम्ही हवे होतात. मला बोलणी खायची होती, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाची मला पचत नाहीत.

तळ्यात किती पाणी मावेल ते काढायचा, मी शिकत असताना सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम आज सांगलीच्या कॉलेजात वर्गाला चालवून दाखवला. तळ्याच्या ओळीनं घेतलेल्या आडव्या छेदांची मापं द्यायची, तो दोन-दोन छेदांमधल्या पट्ट्यांची बेरीज करून घनफळ सांगतो. एका विद्यार्थिनीनं तेच हातानं केलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं कमी येतंय." मला रागच आला. प्रोग्राममधल्या चुका दाखवणाऱ्या कंपायलरची एक तक्रार नाही, आकडा कसा रुबाबात पडद्यावर आलेला! ओळ न् ओळ तपासली, प्रत्येक फेरीची बेरीज छापून पाहिली, काही हाती लागेना. मग तुमची खोड आठवली. पाटबंधारे खात्यात जन्मभर मोजणी केलीत, पण बांधापासून वरपर्यंत टेप नेला की लगेच उलटीकडून पुन्हा मोजणार. मी कंटाळायची, "आवं आबा, आत्ताच तर मोजलं!" तुमचं ठरलेलं उत्तर, "जाताना येगळं न् येताना येगळं आलं, तर तळं न्हाई चुकलं, आपण चुकलोय." मी तेच आकडे उलट क्रमानं दिले, आणि बेरीज बदलली. तळं तेच, पाणी तेवढंच! माझा शहाणा प्रोग्राम दोन-दोन पट्टे एकदम उचलतो. पट्टे विषम असले की शेवटचा एकटा पट्टा सोडून देतो आणि गप्प बसतो. पोरांसमोर हसले मी, पण मनात भलतेच पट्टे मोजायला लागले.

आपल्या गावच्या तळ्याचे पट्टे नऊ होते, आबा. माणदेशातली ती कोरडी जमीन गावानं श्रमदानानं खणलेली, सगळे शाळेच्या पटांगणात जमलेत, तुम्ही वहीतून आकडा वाचताय, आणि मी सुट्टीला आलेली, लॅपटॉप उघडून याच प्रोग्रामनं त्याहून कमी सांगतेय. तुम्ही हळूच विचारता, "पोरी, शेवटचा तुकडा धरलास न्हवं?" आणि मी सगळ्यांदेखत म्हणते, "आबा, हे कॉम्प्युटरनं काढलंय, बोटांवर मोजलेलं नाही." लोक लय हसले. फळ्यावर माझा आकडा गेला. तुम्हीही हसलात आणि वही मिटलीत. पुढे कुणी मोजणीला बोलावलं की म्हणायचात, "माझ्या लेकीला इचारा, तिला जास्त कळतंय." त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं, म्हणून तर आज ते जास्त लागतंय.

आज त्या मुलीला शाबासकी दिली, वर्गाला माझी चूक सांगितली, प्रोग्राम दुरुस्त केला. तुमचा आकडा बरोबर होता, हे मात्र सांगितलं नाही. तुम्ही असता तर "आसू दे गं" म्हणून विषय संपवला असतात. तेवढं एकदा ऐकायला मिळावं म्हणून जीव नुसता तळमळतोय. हे पत्र आईलाही वाचून दाखवणार नाही. ती विचारेल, तेव्हाच का नाही तपासलंस?

तुम्ही विचारलंत त्याच क्षणी मला शंका आली होती, आबा. बघायला दोन मिनिटं लागली असती. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि मला ते फार आवडत होतं.