बत्तीस जीबीची पेटी

बाबा, तुमच्या पेटीच्या जागी आता एक काळा डबा आला आहे, आणि तो मी निवडला आहे. रागावू नका. पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. तुमच्यानंतर घरात पेटीत रमलेले तेवढेच.

नाटक मंडळीचा पेटीवाला यंदा मुलाकडे नागपूरला गेला. धान कापून झालं की प्रयोग सुरू होणार, आणि बाईंचं म्हणणं एकच, मागे धड सूर नसेल तर मी उभी राहणार नाही. बाई म्हणजे त्याच, ज्यांच्या गाण्यापायी तुम्ही हिवाळाभर घराबाहेर असायचात. त्या नाहीत तर नाटक नाही. म्हणून गोंडपिपरीच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या तुमच्या मुलीने घरच्या जुन्या संगणकावर गाण्यांचं संगीत तयार केलं. पेटी, ढोलक, सगळं शेवटच्या मात्रेपर्यंत नेमकं. दुपारच्या तालमीत लावलं. पहिल्या कडव्यानंतर बाई थांबल्या. आपल्याकडे प्रेक्षक गाणं अडवून बक्षीस देतात, नाव पुकारलं जातं, मग तीच ओळ पुन्हा. बाई तालमीतही तेवढी जागा सोडतात. माझं संगीत मात्र सरळ दुसऱ्या कडव्यात शिरलं.

"काऊन वो मास्तरीण," बाई म्हणाल्या, "तुमच्या मशीनची गाडी सुटून राह्यली का?"

मंडळी हसली. मग त्या हळूच म्हणाल्या, "असंच असन तर यंदा मले सोडा."

घरी येताना एक संध्याकाळ आठवली. आई चुलीवरचा भात उतरवते आहे, तुम्ही पाटाशेजारी पेटी घेऊन बसला आहात, मी सुरावर 'देव' शब्द चालवते आहे. देवः देवौ देवाः, सगळं म्हणून झालं की मगच जेवण. मी पुस्तकात डोकावले की तुम्ही भाता सोडता. "तू पुस्तक पाहून राह्यली, तवर म्या काय उपाशी बसू?"

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला दुकानात गेले.

"म्याडम, सोळा जीबी रॅम बस झाली. त्यापेक्षा ग्राफिक कार्ड घ्या, लाइटवालं."

"मले गेम नाई खेळायचा. पेटी वाजवायची हाय."

"कम्प्युटरवर?"

"बोटानं."

आमचा आठवीचा वर्ग लङ् लकाराकडे पाहतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. पण हिशेब सरळ होता. बोटं लहानपणी तुम्हीच बसवलेली होती, फक्त पेटी आता संगणकातली. पेटीचा एकेक स्वर कितीतरी वेळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबल्यावर तो डिस्कवर शोधायचा म्हणजे पुस्तकात डोकावणंच. मेमरीत पाठ असेल तर तत्काळ हजर. म्हणून बत्तीस जीबी, फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, आवाज रेंगाळू न देणारा ऑडिओ इंटरफेस आणि पेटीसारख्या पट्ट्यांचा हातभर लांबीचा कीबोर्ड. लाइट नको म्हटल्यावर दुकानदार खरोखर हळहळला.

काल पुन्हा तालीम झाली. बाईंनी मुद्दाम ओळ घोळवली, मध्येच पाणी प्यायल्या, न सांगता वरच्या सुरात चढल्या. मी मागे मागे. चुकले, सावरले, पुन्हा चुकले. गाणं संपलं तसा त्यांनी पदर खोचला आणि मॅनेजरला म्हणाल्या, "घ्या तारखा. अन् पेटीवाल्याले सांगा, नागपुरात आरामात राह्य म्हणा."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, ठाऊक असतं तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला आवडेल की नाही, सांगता येत नाही. बाई गात होत्या तेवढा वेळ मला तुमची आठवण आली नाही. वेळच नव्हता.