वाव

३ फेब्रुवारी १९२८

सुरतेहून पत्र आलं! सहा पानं, सोबत नकाशा. तिथल्या ओव्हरसियरांनी गल्ल्या कशा रुंद केल्या, संडास कुठे काढले — सगळं लिहिलंय. पण गुजराथीत. आमचे ओव्हरसियर हिलालअप्पा पानं उलटीसुलटी करत बसले. मग मला — "तुले गुजराथी येस ना रे?" येतं म्हटलं. पुण्याला खोलीतला सोबती सुरतेचाच. मी प्रोफेसरावर हात उचलला, कॉलेज सुटलं, भाषा राहिली.

म्युनिसिपालिटीचे मेंबर मोतीलालभाई तिथेच होते. म्हणाले, द्या इकडे, आमच्या घरचीच भाषा. आणि माझ्याकडे बघून — "अर्धं कॉलेज, अर्धं गुजराथी." सगळे हसले. मी पानं त्यांच्या हातातून ओढून घेतली. दुसरा कोणी असता तर कानाखाली दिली असती. रुक्मिणीचा बाप पडला!

५ फेब्रुवारी

आज ती बारवेच्या पायऱ्या चढत होती. कमरेवर कळशी. म्हणाली, बाबांना फार राग आलाय तुमचा. आणि हसली. दिवसभर भाषांतराची एक ओळ उतरली नाही.

८ फेब्रुवारी

भाषांतर संपलं. एकच वाक्य अडलं — 'जाजरू वावथी सो फूट छेटे.' जाजरू म्हणजे संडास, छेटे म्हणजे दूर. पण 'वावथी'? त्यातला 'थी', म्हणजे 'पासून', काही केल्या बसेना. शेवटी लिहिलं: घरे व संडास यांमध्ये शंभर फुटांचा वाव सोडावा. मोतीलालभाईंना विचारता आलं असतं — छट्, मेलो तरी विचारणार नाही.

गुजर आळीत घरांपासून शंभर फूट मोकळं ठिकाण एकच. बारवेचा काठ. आळीच्या नकाशावर तिथे तांबड्या शाईने सहा चौकोन काढले. अप्पा खूश.

२० एप्रिल

संडास उभे राहिले. खोल खड्ड्यांचे, पक्के. तापीकाठच्या दोन गावांनी नकाशा मागवला. अप्पा म्हणाले, सुरतेने आपल्याला दिलं, आपण अडवून ठेवायचं का? दोन नकला केल्या, कोपऱ्यात माझी सही. सभेत मोतीलालभाई 'पोराने बरं काम केलं' म्हणाले. सगळ्यांदेखत! आखाजीचा सण दोन दिवसांवर आहे. तो होऊ दे, मग रुक्मिणीचा विषय काढतोच.

११ जुलै

पटकीची साथ. गुजर आळीत चार दिवसांत नऊ माणसं दगावली.

१३ जुलै

रुक्मिणीलाही. दाराशी गेलो, कोणी अडवलं नाही. तिची आई म्हणाली, सारखं पाणी मागते. मी बारवेवर धावलो. कळशी भरून आणली. ती घटाघटा प्याली, माझ्याकडे बघत.

१४ जुलै

गेली.

१९ जुलै

मोतीलालभाई कचेरीत आले. सुरतेचं पत्र मागितलं. उभ्यानेच वाचलं. त्या ओळीवर बोट ठेवलं. आवाज चढवला नाही.

"वाव म्हणजे बारव."

पायऱ्यांची विहीर. संडास बारवेपासून शंभर फूट दूर — एवढंच म्हणत होते सुरतेचे लोक. मी म्हटलं, मारा मला. त्यांनी पत्राची घडी घातली आणि विचारलं, "आखो कोठे गया हाऊ नकाशा?"

आणखी कुठे गेला? मी दोन्ही गावांची नावं सांगितली. समोर बसून माझ्याकडून दोन पत्रं लिहवून घेतली. चूक कोणाची, तेही लिहायला लावलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. पत्रं मोतीलालभाईंनी स्वतः टपालात टाकली.

२ ऑगस्ट

एका गावाचं उत्तर आलं: 'दुरुस्ती पोचली. येथील संडास आजच पाडीत आहोत. मात्र नकाशा पसंत पडल्याने आसपासच्या गावांचे लोक नकला करून घेऊन गेले. कोण कुठले, याची नोंद ठेवलेली नाही.'