अण्णांची मोठी पिशवी

३ जून
बी.ए. फर्स्ट क्लास. आमच्या घरातली पहिली पदवी. पेढे वाटून झाल्यावर संकल्प केला: पोळ्याच्या आत मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, तेही नियमाने. अण्णा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. माजी सैनिकांच्या योजनेत बायकोचेही उपचार मोफत असतात, फक्त तिच्या नावाचं कार्ड लागतं. गावातले पुढारी मोहनराव म्हणाले, कार्डाचं माझ्याकडे सोपवा, वर ओळख आहे. मी नम्रपणे सुनावलं की हक्काला ओळख लागत नाही. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. अभिमानाने.

९ जून
मायच्या कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरला. स्टेटस: पेंडिंग. म्हणजे दखल घेतली गेली आहे.

२४ जून
पेंडिंग. कडक पण सभ्य भाषेत ईमेल केला.
मायने आज शेजारच्या धुळाजीकाकांची शेळी आपली समजून घरी आणून बांधली. काका सोडवायला आले तर त्यांनाच म्हणाली, माझी शेळी मला वळखू येत न्हाई व्हय? ऑपरेशन लवकर व्हायला हवं.

५ जुलै
अण्णा फौजी कँटीनला जाऊन आले. माजी सैनिकांना तिथे साबण-तेलाबरोबर दारूचाही महिन्याचा कोटा मिळतो. अण्णा माळकरी, आजवर कधी बाटली उचलली नाही. बचत गटात मी त्यांचंच उदाहरण देते. या वेळी मोठी पिशवी नेली होती, घरी आले मात्र चारच साबण. उशीर का झाला विचारलं, तर मांजरसुंब्याला गाडी बंद पडलती म्हणाले. बिचारे दमले होते.

११ जुलै
दुसरा ईमेल. मुद्देसूद, परिच्छेद पाडून.

१८ जुलै
कार्ड आलं. ईमेलला उत्तर नाही, पण उत्तरापेक्षा कृती मोठी. मोहनरावांना मुद्दाम नेऊन दाखवलं. ते म्हणाले, वा, शिक्षण ते शिक्षण.

६ ऑगस्ट
योजनेच्या शहरातल्या पॉलिक्लिनिकने हॉस्पिटलसाठी रेफरलची चिठ्ठी दिली, हॉस्पिटलने लगोलग तारीखही. बाकावर सिरसाळ्याचे एक म्हातारे फौजी भेटले, बायकोच्या कार्डासाठी कधीचे खेटे घालतायत. त्यांना ईमेल कसा लिहावा ते समजावून सांगितलं. अण्णा तोवर कँटीनला जाऊन आले. पुन्हा मोठी पिशवी. इतका साबण जातो कुठे?

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर मला बोलायला सांगितलं. विषय: हक्क कसा मिळवावा. 'कुणाच्याही दारात न जाता' हे वाक्य मी दोनदा म्हटलं. सगळ्यांत जास्त टाळ्या मोहनरावांच्या. अण्णा पाणी प्यायला उठून गेले होते.

१९ ऑगस्ट
काल ऑपरेशन झालं, आज पट्टी निघाली. पोळ्याच्या आत.
संध्याकाळी मोहनराव आणि धुळाजीकाका मायला बघायला आले. मायने नव्या डोळ्याने मोहनरावांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मोहनराव, डोळे लई लाल झालेत. आमच्या ह्यांची रम बाधली वाटतं तुमाला."
मोहनराव हसले. धुळाजीकाका हसले. अण्णांनी मान खाली घातली.
ते गेल्यावर अण्णांना विचारलं. दोन्ही महिन्यांचा कोटा मोहनरावांच्या घरी गेला, मग त्यांनी कुणाकुणाला फोन लावले. रागात माझ्याही तोंडून गावची बोली निघाली, मला कावून न्हाई सांगितलं?
"कावून सांगू? तू लई खुशीत हुतीस."
मायला माहीत होतं. धुळाजीकाकांना माहीत होतं. मी भाषण करत होते तेव्हा सगळ्या मैदानाला माहीत होतं. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

२० ऑगस्ट
अण्णांशी बोलत नाही. सिरसाळ्याचे ते म्हातारे डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझं ऐकून त्यांनी ईमेल केला असेल. मोहनरावांविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. तिसऱ्याच ओळीत अण्णांचं नाव येतं. मसुदा बदलावा लागेल.

२६ सप्टेंबर
मायच्या दुसऱ्या डोळ्याचं रेफरल अडलंय. ईमेल केला, उत्तर नाही. काल त्या बाजूने आलेली मोटारसायकल तिला दिसलीच नाही. थोडक्यात वाचली.
तक्रारीचा मसुदा तयार आहे. दुसरं ऑपरेशन झालं की लगेच पाठवणार. हे नक्की.
आज अण्णांशी बोलले. म्हटलं, कँटीनला जाऊन या, साबण संपलाय. ते म्हणाले, साबण हाय की अजून.
मोठी पिशवी मी धुऊन वाळत घातली.