गाडीला रोज एक तांब्या

२७ जुलै, रविवार
सकाळी पुण्याला पुतण्याला, शेखरला, फोनवर लिहिलं. तुझी कंबर कशी? मीनलचं डोकं दुखायचं थांबलं का? ओवीचा खोकला? तुझे सासू-सासरे बरे ना? इकडे तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण जेवण बरोबर आहे. काकू ठीक. माझी साखर जागच्या जागी. चिमणीची तब्येत तेवढी नाजूक.
उत्तर आलं. एक अंगठा.
चिमणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादांची, दोन दारांची छोटी गाडी. दादा गेल्यापासून काचीगुड्याच्या अंगणात, शेडखाली, तुळशीला लागून उभी. नीता म्हणाली, "बाबा, नुसतं बघत काय बसता दर रविवारी? उघडू या." दसऱ्याला चालू करायची असं ठरलं.
शेखर गाडी चालवायला हिच्यावरच शिकला. मागे दादांच्या श्राद्धाला आला तेव्हा आईशी खटका उडाला, "भंगारात द्या" म्हणाला. वहिनींनी बोलणं टाकलं, त्यानं येणं टाकलं. गाडी चालू झाली तर येईल, असं माझं मत. सौ. म्हणते, "तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा."

३ ऑगस्ट, रविवार
इंजिन जाम. प्लग काढून भोकांतून तेल सोडलं. जोर लावला नाही. गौलीगुड्यात शिलाई मशिनी उघडून-जोडून जन्म गेला, तेवढं कळतं. मुरू दे.
मागची सीट उंदरांनी संपवलीय. सौ.ने मापं घेतली. रंग? सौ. मेंदी, नीता काळा. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "मेंदी." मिटलं.

१७ ऑगस्ट, रविवार
इंजिन सुटलं! हँडल अर्धा फेरा फिरलं. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं, सगळ्यांनी बघितल्यासारखं केलं.
दुपारी नीता गाडीखाली. खालून आवाज, "बाबा, इथं तांदूळ आहेत."
"उंदरांनी नेले असतील."
"हळद लावून?"
ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा नाहीच. मॅट उचलली, हात घातला तर अंगणातली फरशी लागली. डावीकडचा पत्रा मात्र ठणठणीत. शेडमुळे पावसाचा थेंब पडत नाही इथं. मग दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. वहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात. तांब्यात उरलं की गाडीला, काचेखालच्या फटीपाशी. शुक्रवारी हळद-अक्षता. दादा गाडी धुतल्याशिवाय कामाला निघत नसत. ते गेले, वहिनींनी पाणी चालू ठेवलं. रोज. तुळशीकडची तीच एक बाजू.
नीता हसायला लागली, मग थांबली. "मोठीआईला सांगायचं?"

२४ ऑगस्ट, रविवार
मलकपेठेहून पत्रा ठोकणारे युसूफभाई डेंटर आले. वाकून बघितलं. "चाचा, इसकू तो जमीनच नहीं है." मग वर शेडकडे बघून, "बारिश तो नहीं आती इधर. पानी कौन डाला?"
मी म्हटलं, "अल्ला जाने."
वहिनी चहा घेऊन मागेच उभ्या होत्या. "भाईंच्या चहात साखर जास्त घातलीय," एवढं बोलून आत गेल्या.
सौ.ला सगळं सांगितलं. ती उसळली, "खबरदार. इतकी वर्षं त्यांनी जपली, आणि तुम्ही जाऊन म्हणणार, तुम्हीच कुजवली?" न सांगावं तर नव्या पत्र्याचंही तेच होणार. परेशानी.

७ सप्टेंबर, रविवार
नवा पत्रा बसला. वर लाल रंगाचा हात. सीटा तयार, सौ.ची शिवण सरळ रेघेत, मान्य करावंच लागतं.
आज तुळस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. कारण दिलं, इकडे ऊन मिळत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
वहिनी तुळशीला पाणी घालून, गुडघा धरत, अख्खं अंगण ओलांडून गाडीपाशी आल्या. उरलेला तांब्या तिथंच ओतला. माझी अक्कल त्यांच्या गुडघ्यांना महागात पडली.
त्या आत गेल्यावर फडक्यानं टिपून घेतलं. आता रोजचं काम.

१६ सप्टेंबर, मंगळवार
दादांचं श्राद्ध. पानं उठल्यावर वहिनी शेडमध्ये आल्या.
"फडकं कशाला लपवता, भाऊजी? ठाऊक आहे मला. शेखर बोलला होता तेव्हाच, इथं उभा राहून. 'आई, तूच पाणी घालून कुजवलीस, आता भंगारातच द्या.'"
त्या दिवशी आम्ही घरात. आम्हाला 'भंगार' तेवढं ऐकू आलं होतं.
"मग बंद का नाही केलंत?"
"बंद केलं असतं तर त्याचं खरं झालं असतं ना."
मग बंपरवरचा डाग पदरानं घासत, "खरंच होतं म्हणा."
"त्याला कळवू का असं?"
"नक्को."
चिडल्या की त्यांच्या तोंडी नक्को येतं. विषय तिथंच संपला.

२८ सप्टेंबर, रविवार
लागली. चार हँडलं फुकट, पाचव्याला खोकली, धुरानं अंगण भरलं, आणि लागली. समोरच्या गच्चीवरून तेलुगू शेजाऱ्यांनी, मास्तरगारूंनी, टाळ्या वाजवल्या. ब्रेक अजून माझ्यासारखेच, उशिरा ऐकतात.
आवाज फोनमध्ये भरून शेखरला पाठवला. निळ्या खुणा आल्या. या वेळी अंगठाही नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
आपट्याची पानं मिळाली नाहीत, जम्मीची, म्हणजे शमीची, आणली. शेखर आला नाही. फोन नाही. सकाळपासून दारापाशी रिक्षा थांबली की सौ. उगाच बाहेर जाऊन येत होती.
चिमणीला झेंडूचा हार. नीता नारळ घेऊन बंपरकडे वाकली. वहिनी म्हणाल्या, "तिथं नको. दगडावर फोड." नीतानं माझ्याकडे बघितलं, मी दगडाकडे.
स्टेशनच्या कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. मी, सौ., नीता. बसवाले हॉर्न देत होते, खुशीचे की वैतागाचे कळलं नाही. वहिनी बसल्या नाहीत. "जो हिच्यावर शिकला त्यानं चालवू दे, मग बघू."
परत आलो तर त्या तुळशीपाशी. उरलेलं पाणीही तुळशीलाच ओतलं आणि तांब्या कट्ट्यावर पालथा ठेवला.
"भाऊजी, फोन घ्या. शेखरला लिहा, मी सांगते."
लिहून घेतलं. कंबर कशी आहे? मीनलचं डोकं? ओवीला आल्याचा काढा द्या, औषधं पुरे झाली. इकडे सगळे बरे आहेत. गाडीही बरी आहे. मी तिला पाणी घालणं बंद केलंय.
"एवढंच?"
वहिनींनी चष्मा पुसला. "आणि लिहा, लवकर कळव."
पाठवलं. चहा झाला, पुन्हा एकदा झाला. फोन मध्ये चौरंगावर ठेवलाय. वहिनी समोर बसून आहेत, गुडघे पसरून. मीही इथंच बसून हे लिहितोय.