ख-ख-खडक

१४ ऑगस्ट १९८३, मोहोपाडा
गजाने आज तोंडावर सांगितलं. गणपतीत जुनी गाणी कोण ऐकणार, सगळीकडे डिस्को चाललाय. "मैना, कायतरी नवीन आण. नायतर चौक गावची एक पोरगी हाय, तिला घेतो." ऑर्केस्ट्रा त्याचा, कॅसिओ त्याचा. मी काय बोलणार? वर्षभर मागे कोरसमध्ये उभी राहिले ती चौकच्या पोरीसाठी?

१७ ऑगस्ट
सापडलं! भांडी घासताना सापडलं.
चिंधीताईला सातवीत एक पुस्तक बक्षीस मिळालं होतं. बेटाचं. मी सहा-सात वर्षांची असताना ती मला ते रोज वाचून दाखवायची. एरवी बोलताना अडखळते, पण मला वाचून दाखवताना कधीच अडखळायची नाही. त्यात डोलकाठीवर बसलेल्या खलाशाला पाण्यात खडक दिसतो. भीतीने त्याची बोबडी वळते आणि शब्द बाहेर यायच्या आत जहाज आपटतं.
डिस्कोत तरी दुसरं काय असतं? एकच अक्षर ठोकत राहायचं. ख-ख-ख-खडक. खाली गजाचा ठेका.

२१ ऑगस्ट
चाल गजाला आवडली. पण म्हणाला, "तुजं अडखळणं नाटकी वाटतं. खरं वाटत नाय."
खरं कसं असतं ते मला ठाऊक आहे. घरातच आहे. आधी मान डावीकडे जाते, डोळे मिटतात, हनुवटी दोन-तीनदा उडते, मग अक्षर येतं. आरशासमोर करून बघितलं. पहिल्याच फटक्यात जमलं.
ताई शेजारच्या खोलीत शिवण करत होती. तिला सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर
कॉलनीच्या गणपतीत म्हटलं. तीनदा वन्समोअर — तीनदा! तिसऱ्या वेळी मान जास्तच उडवली. शिट्ट्या थांबेनात.
ताई बायकांत बसली होती. वाटलं उठून जाईल. शेवटपर्यंत बसली. टाळ्यासुद्धा वाजवल्या.
घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पु-पु-पुस्तकातला ना गं तो?"
मी हो म्हटलं.

१३ सप्टेंबर
चौकच्या पोरीचं गजा आता नावही काढत नाही.

२ ऑक्टोबर
खालापूर, लोधिवली, चौक, सगळीकडून बोलावणी. गाणं आमच्याआधी गावात पोचलेलं असतं.
नळावर पोरं ताईला अडवतात. "ए चिंधी, म्हण ना गं गाणं." रेशनच्या दुकानात तिने साखर मागितली तर मागची बाई फिस्सकन हसली. ताई साखर न घेताच परत आली. आई म्हणाली, "मैने, दुसरं कायतरी गा गं. तिचे हाल बघवत नाय." मी म्हटलं, लोकांना हेच हवंय.
लोकांना हवंय आणि मलाही. मांडवभर माणसं माझं नाव घेऊन ओरडतात तेव्हा मला ताई आठवत नाही. इथे खोटं कशाला लिहू.

९ ऑक्टोबर
ट्रंकेतून ते पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच स्वतः वाचलं. तो खलाशी भीतीने अडखळलाच नव्हता. तो जन्माचाच तसा. पानोपानी अडखळतो. बेटावर बाकीचे त्याच्या नकला करून त्याला छळतात, उपाशी ठेवतात. ही पानं ताईने मला कधी वाचून दाखवलीच नाहीत. त्याचं बोलणं आलं की सरळ वाचून पुढे जायची.
पुस्तक परत ट्रंकेत टाकलं. संध्याकाळी प्रॅक्टिसला गेले.

२० नोव्हेंबर
ताईला बघायला पोशीरची माणसं आली. मुलाचं नाव पदू, घरची भाताची खाचरं आहेत. ताईचे पोहे आवडले, शिवणकाम आवडलं. त्याच्या आईने ताईने शिवलेल्या ब्लाउजची शिलाई दोनदा उलटून बघितली आणि मान डोलावली. मग विचारलं, "नाव काय गं तुजं?"
ताईची मान डावीकडे गेली. "चि-चि—"
पाहुण्यांबरोबरची एक बारकी पोर लगेच गायला लागली. ख-ख-ख-खडक.
एकजण हसला, मग सगळेच. मुलगा हसला आणि खाली बघू लागला. बाबा उगाच पाण्याचा तांब्या उचलून आत गेले.
मी पण हसले. ओढणी तोंडावर घेतली होती, तरी ताईने बघितलं.

२१ नोव्हेंबर
बाबा कंपनीत गेले नाहीत. मी ताईला विचारलं, जेवतेस का? तिने ताट घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवली.

२९ नोव्हेंबर
कर्जतला मोठा कार्यक्रम ठरलाय. बोर्डावर माझं नाव, पहिल्यांदाच.

४ डिसेंबर
पोशीरहून माणूस आला होता. त्यांना धाकटी पसंत आहे. बाबांनी हो म्हणून नारळही दिला. मी प्रॅक्टिसवरून आले तेव्हा सगळं ठरलेलं.
मी म्हटलं, माझं गाणं?
"गाणं सोडणार असं त्यांना आधीच कळवलेलं हाय," बाबा म्हणाले.
कुणी कळवलं? तर त्यांनी पोशीरला गेलेलं आणि पाहुण्याने परत आणलेलं पत्र माझ्या हातात दिलं. ताईचं अक्षर.
'माझी धाकटी बहीण मैना बोलताना कुठेही अडखळत नाही. लग्नानंतर ती गाणार नाही. तिला करून घ्यावे.'